अहिरे बाईंचे रविवार

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक निघाला तेव्हा त्यातला खेळांवरचा लेख माझ्याकडे आला. निवृत्त मुख्याध्यापक, हाताशी वेळ, अक्षर बरं, म्हणून माझ्याकडे. त्या लेखात एक वाक्य आहे : 'त्या वर्षी आपल्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाने धुळे येथे विभागीय विजेतेपद पटकावून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला.' संघ कोणी घडवला ते त्या वाक्यात नाही. पुढच्या वाक्यातही नाही. तो छापलेला लेख घरी आला आणि मी तो कपाटात कपड्यांखाली सरकवला.

त्याआधीही टाळत होतो, त्यानंतरही टाळलं. कोणी जुना विद्यार्थी भेटला आणि 'सर, अहिरे बाई कुठे असतात हो?' असं विचारलं की मी 'शिरपूरकडे कुठेतरी' म्हणून केळीच्या भावावर विषय नेत असे. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्याचं कळलं. सांगितलं वैशालीनं, बाईंच्या संघातल्या एका मुलीनं. ती आता स्वतः आजी व्हायच्या वयाची आहे. फोनवर म्हणाली, "सर, बाईंच्या शोकसभेत तुम्ही बोलाल का?" मी गुडघ्यांचं कारण दिलं. त्यावर ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा मला फार राग आला. दोन-तीन दिवस मी वैशालीवर मनातल्या मनात चिडत होतो. मग कळलं की चिडायला माणूस चुकीचा निवडला आहे.

तर लिहितो.

सुशीला अहिरे धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या. आमचं गाव जामनेर आणि भुसावळच्या मधलं, इकडची बोली वेगळी. त्या आल्या त्याच दिवशी मुली त्यांच्या बोलण्याला तोंडावर हात धरून हसल्या. वर्गात बाई शुद्ध मराठी बोलत, मैदानावर उतरल्या की थेट अहिराणी. "उभी काय राहिनी वं? पय!" पय म्हणजे पळ. आठवड्याभरात सगळ्या मुली एकमेकींना 'पय, पय' म्हणून ओरडायला लागल्या आणि हसणं बंद झालं.

बाई काळ्यासावळ्या, उंच, हाडापेरानं रुंद. साडी टाचेच्या वर, पदर कमरेला घट्ट खोचलेला. शिट्टी त्यांच्याकडे नव्हती. मी एकदा शाळेची देऊ केली तर म्हणाल्या, "शिट्टी पोलिसांना द्या सर. माझा गळा आहे." आणि गळा खरोखर होता. तिसऱ्या तासाला मी दहावीला भूमिती शिकवत असलो की खिडकीतून तो आवाज आत येई आणि वर्तुळाची त्रिज्या अर्धवट राही. त्या मैदानावर कधी बसल्याचं मला आठवत नाही. खुर्ची ठेवली तर तिच्यावर मुलींच्या चपला ठेवत.

बाईंचा खरा परिचय म्हणजे त्यांचा राग. मी पुष्कळ रागीट शिक्षक पाहिले, मारकुटे पाहिले, पण त्यांचा राग पोरांवर निघायचा आणि वरच्या माणसापुढे विरघळायचा. बाईंचं उलटं होतं. पोरींना त्या शिव्याशाप द्यायच्या, पण हात कधी उगारला नाही. हात उगारायचा तो वरच्यांवर.

शाळेचं मैदान तेव्हा शाळेचं नव्हतं. म्हणजे कागदावर होतं. प्रत्यक्षात संस्थेचे अध्यक्ष आबा यांचा मका तिथे वाळत पडे, त्यांच्या घरच्या लग्नांचे मांडव तिथे पडत, आणि त्यांचा ट्रॅक्टर गावात जायला तिथूनच आडवा जाई. चाकोऱ्या पडल्या होत्या. बाईंनी मुलींना घेऊन खडे वेचले, चाकोऱ्या बुजवल्या, शेणाचा सडा घातला, दोन्ही टोकांना बाभळीचे खांब रोवले. दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आला. बाई खांबापाशी उभ्या राहिल्या. चालवणारा आबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. तो म्हणाला, "बाई, सरका ना. आबांचा ट्रॅक्टर हाये हा."

"मग आबांनाच चालवत आण," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगते मी कुठून न्यायचा ते."

सालदार इंजीन चालू ठेवून बसून राहिला. बाई उभ्या राहिल्या. वर्गांच्या खिडक्यांत सगळी शाळा गोळा झाली. शेवटी त्यानं ट्रॅक्टर मागे घेतला, आणि मागे घेताना रोवलेला एक खांब पाडला. बाई त्याच्यामागे धावल्या, त्याला खाली उतरवलं आणि तो खांब त्याच्याकडूनच पुन्हा उभा करून घेतला. आबांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. "मर्द बाई हाये," असं चारचौघांत म्हणाले. मला तेव्हाच समजायला हवं होतं की आबा एखादी गोष्ट हसून सोडतात ती विसरत नाहीत. कदाचित समजलंही होतं.

मी त्या वेळी प्रभारी मुख्याध्यापक होतो. प्रभारी हा शब्द ज्यांनी भोगला त्यांनाच कळेल. खुर्ची तीच, टेबल तेच, घंटाही तुमच्याच हुकमानं होते, पण सकाळी उठून आबांच्या ओट्यावर चहाला जावं लागतं. बाईही अजून कायम झालेल्या नव्हत्या. आम्ही दोघेही एकाच माणसाच्या मर्जीवर होतो. फरक एवढाच की बाईंना त्याची आठवण राहत नसे.

त्या वर्षी संघ चांगला जमला. भिलाटीतली रुखमा त्यात होती. गावाबाहेर नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती, तिला भिलाटी म्हणतात. रुखमा तिथून अनवाणी यायची. तिच्यासारखी हूल देणारी मुलगी मी पाहिली नाही. पाठलाग करणारी अगदी पाठीशी आली, हात लागणार, अशा वेळी ती कमरेतून अशी वळे की हात हवेत फिरे आणि ही बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे. बाई ओरडत, "दखा, दखा तिले! हाडं नहीत का तुम्हाले?" वैशाली आबांची सख्खी पुतणी. तिला कोणी संघात घ्या म्हटलं नव्हतं, ती आपणहून आली होती. खांबावरून सूर मारण्यात तरबेज. गुडघे फोडून घरी जायची आणि आईला सांगायची की जिन्यावरून पडले.

तालुक्याला जिंकलो, आणि मग कापूस फुटला.

ज्यांना कापसाचं गाव माहीत नाही त्यांना सांगतो. कापूस फुटू लागला की वर्गातल्या मुली दिसेनाशा होतात. मुलगे शाळेत असतात, मुली नसतात. वेचणी बाईच्या हातची, आणि घरात पोरगी असताना मजूर कोण लावणार? आमच्याकडे हे इतकं ठरलेलं होतं की हजेरी घेतानाही आम्ही विचारत नसू. जिल्ह्याची स्पर्धा जळगावला तोंडावर आलेली आणि मैदानावर चार मुली. बाई एकेका घरी गेल्या. एका बापानं त्यांना ओट्यावरच ऐकवलं, "बाई, कापूस फुटून राह्यला. तो काय तुमची शाया येचीन का?"

बाई तशाच तणतणत माझ्याकडे आल्या. टेबलावर हात आपटला. "मुलगा असता तर सोडला असता! मुलगी म्हणून ओटी बांधून वाकायचं! काय करू सांगा तुम्ही."

मला हसू आलं. मी सहज म्हणालो, "मग अख्खा संघच न्या ना वावरात. एका दिवसात एकाचा कापूस उरकेल आणि बापाचं तोंडही बंद होईल."

बाई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी. आळीपाळीनं. एका रविवारी एकीचं वावर, सगळ्या मिळून. मग सोमवार ते शनिवार पोरगी माझी."

"न्या," मी म्हणालो.

"परवानगी?"

"दिली."

"अशी तोंडी?"

"माझा शब्द पुरत नाही का बाई?"

"पुरतो सर," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "चांगली शक्कल काढलीत."

शक्कल माझी होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मग ते रविवार सुरू झाले. बापांनी आधी थट्टा केली, मग एकाचं वावर दुपारपर्यंत पांढऱ्याचं हिरवं झालेलं पाहिलं आणि स्वतःच येऊन विचारू लागले, "बाई, आमचा नंबर कधी?" बाई सगळ्यांत पुढे. कमरेला फडकं बांधून ओटी केलेली, दोन्ही हातांनी वेचत. तिथेही सराव सोडला नाही. ओळीत एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, अगदी खो-खोला बसतात तसं. ओळ संपेपर्यंत पाठ सरळ करायची नाही. जी उभी राहील तिच्या नावानं शिमगा. "पाय मोडनात का? मैदानावर अशीच उभी राहशील?" कोणी कापसाबरोबर वाळका पाला ओटीत टाकला तर, "हा कापूस तुझ्या बापाचा नाही म्हणून घाण वेचतेस? तिच्या बापाचा आहे! तिच्या बापाचा म्हणजे तुझा!"

नियम एकच. जी रविवारी वावरात नाही, ती सोमवारी मैदानात नाही. हा नियम सगळ्यांना सारखा. वैशालीच्या घरचा कापूस मजूर वेचत, तिला काही गरज नव्हती. तरी ती पहिल्या रविवारपासून हजर. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं सोलून निघाली. बाईंनी तिच्या बोटांना तेल लावलं आणि तेल लावता लावता बोलल्या, "लोण्याची बोटं घेऊन आली! आता लाकडाची कर."

मी एका रविवारी सायकलवरून गेलो होतो. मुख्याध्यापकांनी पाहणी करावी म्हणून. बांधावरच्या लिंबाखाली सगळ्यांनी मिळून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. रुखमानं मला पाणी दिलं. एका मुलीनं माझी नक्कल केली, चष्मा नाकावर ओढून, 'त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज...' आणि मीही हसलो. बाई म्हणाल्या, "सरांनाही ओटी बांधा गं!" त्या वावरात मी होतो, हे त्या सगळ्या मुलींनी पाहिलं आहे. त्या आज कुठे कुठे सासरी आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं तर तिनं सांगावं, मी खोटं लिहीत नाही.

जळगावला जिल्हा जिंकला. धुळ्याला विभागीय. धुळ्याच्या अंतिम सामन्याला मी गेलो होतो. समोरचा संघ नाशिकचा, पायात बूट, एकसारखे कपडे. आमच्या मुलींचे फ्रॉक बाईंनीच शिवलेले, एकीचा दुसरीला मेळ नाही. पहिल्या पाळीत मागे पडलो. मध्यंतरात एक मुलगी रडायला लागली. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काब्र रडस वं? का रडतेस? त्यांना बूट आहेत म्हणून? बुटांना खो देता येतो का?" मग सगळ्यांकडे वळून एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "घरी गेलात की तुम्हाला कोणी पळू देणार नाही. आयुष्यभर. आज पळून घ्या."

दुसऱ्या पाळीत रुखमा जवळपास सगळा वेळ नाबाद राहिली. शेवटच्या गड्याला वैशालीनं खांबावरून सूर मारून टिपलं आणि ती नाकावर आपटली. जिंकलो. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. बाई रागानं लाल. "हसता काय? त्या दोघी फुकट बाद झाल्या त्याचं काय? राज्याला असं खेळलात तर तिथेच सोडून येईन!" आणि मग वैशालीच्या नाकातलं रक्त स्वतःच्या पदरानं पुसत बसल्या. बसल्या, हे मुद्दाम लिहितो.

गावात मिरवणूक निघाली. गुलाल, ताशा. आबांच्या घरासमोर मिरवणूक थांबली. आबांनी स्वतःच्या हातानं वैशालीला पेढा भरवला, रुखमालाही भरवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "राज्याला जा, संस्था तुमच्या पाठीशी आहे." मी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्यानं बहुतेक मीच.

रुखमाच्या बापाचं वावर राहिलं होतं. बापाचं नाव दगा. नाल्यापलीकडचा मुरमाड तुकडा, पेरणी उशिरा, म्हणून त्याचा कापूस शेवटी फुटला. पुढच्या रविवारी संघ तिकडे गेला. कामाला फार वेळ लागला नाही, कापूसच थोडा होता. मग दगाच्या बायकोनं सगळ्यांना भाकरी खाऊ घातली. मुली भिलाटीत, झोपडीसमोर पंगत करून जेवल्या. वैशालीही. नाल्याच्या कडेनं बैल घेऊन चाललेल्या आबांच्या सालदारानं ते पाहिलं. तोच, ट्रॅक्टरवाला.

इतके रविवार गेले. गावातल्या सगळ्या पाटलांच्या वावरांत पोरींनी कापूस वेचला, कोणाला काही वाटलं नाही. वैशालीनं दुसऱ्या पाटलाच्या वावरात वेचला तेव्हा आबा म्हणाले होते, 'पोरगी कष्टाळू आहे'. भिलाच्या वावरात वेचला तेव्हा ती मजूर झाली. ही एकच गोष्ट आहे, दुसरी कुठलीही नाही. पुढे शिस्त, नियम, पालकांची तक्रार, मुलींची सुरक्षितता असे पुष्कळ शब्द वापरले गेले. ते सगळे शब्द खोटे. मी स्वतः त्यातले काही वापरले आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो.

मंगळवारी आबा शाळेत आले. माझ्या खुर्चीवर बसले. संस्थेचे आणखी दोघं सोबत. बाईंना बोलावलं. मी बाजूला उभा.

"बाई, आमच्या घरची पोर भिलाटीत कापूस वेचते?"

"वेचला. चांगला वेचला," बाई म्हणाल्या.

"तिथं जेवली."

"हो. भूक लागली होती."

"शाळेच्या पोरी लोकांच्या वावरात मजुरीला लावता तुम्ही?"

"मजुरी नाही आबा. एकमेकींची मदत. तुमच्या भावकीतल्या लोकांच्या वावरांत चार आठवडे झाली, तेव्हा नाही विचारलंत." बाईंचा आवाज चढू लागला. "दगाचा कापूस काळा असतो का?"

"आवाज खाली," आबा म्हणाले. ते मात्र अजिबात ओरडत नव्हते. "कोणाला विचारून चाललं होतं हे?"

"सरांना विचारून."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून, सावकाश. "काय मास्तर? तुम्ही परवानगी दिली होती?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना बघायची गरजच वाटली नव्हती. त्या आबांकडेच बघत होत्या, हनुवटी वर करून, जसं काही उत्तर आलेलंच आहे.

मी म्हणालो, "रविवारच्या जादा सरावाला परवानगी दिली होती. वावरात नेतात याची मला कल्पना नव्हती."

वाक्य व्यवस्थित होतं. त्यातला अर्धा भाग खराही होता. अशी वाक्यं मला चांगली जमायची. तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की आता ओरडतील. त्या सगळ्यांवर ओरडत, सालदारावर, पंचांवर, बापांवर, माझ्यावर. त्या दिवशी ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या काही बोलल्या नाहीत. 'लिंबाखाली भाकरी कोणी खाल्ली' एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी मी उघडा पडलो असतो. म्हणाल्या नाहीत. का, ते मला आजही कळत नाही.

त्याच वेळी दगा आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. ज्यांच्या वावरांचा कापूस बाईंनी उरकून दिला होता त्या बापांपैकी एकही फिरकला नाही, सगळ्यांना अचानक जिनिंगला गाड्या घेऊन जायचं होतं. आला तो दगा. शिपायानं त्याला दारातच अडवलं. तो बाहेरूनच, डोक्यावरचं फडकं हातात घेऊन म्हणाला, "बाईनं काही चुकनं नही, आबा. पोरी आपल्या मनथी उन्यात, आपणहून उन्यात. माले शिव्या द्या."

आबांनी मला सांगितलं, "मास्तर, दार लावा."

मी दार लावलं.

बाईंना कायम करायचं नाही असं ठरलं, आणि महिनाअखेरपर्यंत थांबायचीही गरज नाही असं सांगण्यात आलं. सांगायचं काम माझं. त्या मैदानावर होत्या. मी खाली मान घालून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी वाट पाहत होतो की आता तरी त्या मला विचारतील. त्यांनी विचारलं ते दुसरंच.

"राज्याला संघासोबत कोण जाणार?"

"ठरलं नाही अजून."

"तुम्ही जा सर. दुसऱ्या कोणाला पाठवू नका. रुखमाला पहिल्या पाळीत सुरुवातीला उतरवू नका, शेवटी ठेवा. ती शेवटी मरत नाही."

"बरं," मी म्हणालो.

तेही मी केलं नाही. राज्याला आबांच्या मेहुण्याचा मुलगा गेला, बाईंच्या जागी तोच आला होता. रुखमाला नेलंच नाही. 'भिलाटीतली पोर बाहेरगावी नेली तर जबाबदारी कोणाची' असं आबा म्हणाले आणि मी 'बरोबर आहे' म्हणालो. वैशालीनं मात्र घरी चुलत्याच्या तोंडावर सांगितलं की मी आपण होऊन गेले होते आणि हेडसरांना सगळं माहीत होतं. दहावीतली पोर. तिला थोबाडीत बसली आणि पुढच्या आठवड्यात तिची रवानगी जळगावला मावशीकडे झाली. दोघींविना संघ पहिल्याच सामन्यात हरून परत आला. रुखमा शाळेत पुन्हा आली नाही. मी तिला आणायला गेलो नाही. नाला ओलांडून जायचं तर दगाच्या समोर उभं राहावं लागलं असतं.

मार्चमध्ये मी प्रभारी राहिलो नाही. कायम झालो. आबांनी हार घातला. पुढे निवृत्तीपर्यंत मी त्याच खुर्चीवर बसलो, आणि माझ्या कारकिर्दीत मुलींचा एकही संघ तालुक्याच्या पुढे गेला नाही. लोक म्हणत, आपल्या पोरींत दम नाही. मी तेही ऐकून घेत असे.

बाई शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत लागल्याचं कळलं. दरवर्षी ठरवायचो, जाऊन येऊ. शिरपूर काही परदेश नाही. एसटीनं धुळ्याला जायचं, तिथून दुसरी. धुळ्यापर्यंत अनेकदा गेलो. लग्नांना गेलो, बोर्डाच्या कामाला गेलो, जावयाच्या घरी वास्तुशांतीला गेलो. पुढची एसटी धरली नाही.

शेवटी त्याच दिसल्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला शालेय स्पर्धा होत्या आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मंडपात बसलो आणि पलीकडच्या मैदानावरून तो आवाज आला. शिट्टीविना, लाऊडस्पीकरच्या वरून. मी उठून तिकडे गेलो. केस बरेच पांढरे झालेले, अंग सुटलेलं, पदर तसाच खोचलेला. समोर डोंगरातल्या मुली, बारक्या, काटक. एका पंचाशी त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. पंच मागे सरकत होता.

भांडण जिंकून त्या वळल्या आणि मी समोर. मला वाटलं, आता. सगळं मनात ठरलेलं होतं. इतकी वर्षं जुळवलेलं वाक्य होतं. आणि मनाची तयारी होती की त्या पोरींसमोर मला फाडून खातील. खावं, असंच वाटत होतं.

"सर?" बाई म्हणाल्या. "वाळलात हो."

मी नमस्कार केला. त्यांनी मुलींना हाक मारली, "इकडे या गं बठ्ठ्या, सगळ्या." मुली आल्या. "हे माझे हेडमास्तर. माझी पहिली शाळा यांची. पाया पडा."

त्या मुली एकेक करून माझ्या पाया पडल्या. अनवाणी, गुडघे खरचटलेल्या. मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत गेलो आणि 'यशस्वी हो' म्हणत गेलो. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी हे आदरानं केलं की शिक्षा म्हणून, मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो. काही सापडलं नाही.

मुली पळाल्या. आम्ही दोघंच उरलो. लाऊडस्पीकर बंद होता, कोणी हाक मारत नव्हतं, पंच चहाला गेले होते. बाई थांबल्या होत्या. घाई करणारी ती बाई माझ्यासमोर हाताची घडी घालून, मला हवा तेवढा वेळ देऊन उभी होती.

मी विचारलं, "तिकडे पाण्याची वगैरे सोय बरी आहे ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शे ना सर," म्हणाल्या. "बठ्ठं शे." आणि मैदानाकडे वळून ओरडल्या, "उभ्या काय राहिन्यात वं? पया!"

मी मंडपात परत आलो. माझ्या नावाचा पुकारा झाला, मी उठलो आणि खेळाडूवृत्तीवर बोललो. पलीकडे बाई त्यांना ऐकू येईल इतक्या अंतरावर होत्या. हातात माइक होता. त्यात म्हणायचं होतं ते एवढंच होतं : बाई, परवानगी मी दिली होती. मी खोटं बोललो. मला माफ करा.